मोजिकोचे रेल्वे स्थानक

(पाठपरिचय : रेल्वे स्थानक म्हणजे केवळ गाड्या थांबण्याची जागा नव्हे. तेथे माणसे भेटतात, निरोप घेतात, परतून येतात. जपानमधील किताक्युशू या बंदराच्या शहरात मोजिको नावाचे एक जुने स्थानक आहे. व्यापार वाढला, युद्ध झाले, समुद्राखालून नवा बोगदा निघाला आणि जुनी वाट मागे पडली; तरीही हे स्थानक टिकून राहिले. ते कसे टिकले आणि त्याच्या शेजारचे काय टिकले नाही, हे या पाठात वाचा.)

विद्यार्थी मित्रांनो, जगाच्या नकाशात जपान शोधा. जपान हा बेटांचा देश आहे. त्यात होक्काइदो, होन्शू, शिकोकू आणि क्युशू ही चार मोठी बेटे आहेत. राजधानीचे शहर तोक्यो होन्शू बेटावर आहे. होन्शूच्या पश्चिम टोकाला, पाण्याच्या पलीकडे, क्युशू बेट दिसते. या दोन बेटांमधील पाण्याची पट्टी इतकी अरुंद आहे, की एका जागी तिची रुंदी पाऊण किलोमीटरपेक्षाही कमी आहे. एका काठावर उभे राहिले तर दुसऱ्या काठावरची घरे स्पष्ट दिसतात. हिला कानमोनची सामुद्रधुनी म्हणतात. होन्शूच्या काठावर शिमोनोसेकी हे शहर आहे आणि क्युशूच्या काठावर मोजी. या दोन गावांच्या नावांतील एकेक अक्षर घेऊन 'कानमोन' हा शब्द तयार झाला आहे.

मोजी हे पूर्वी एक लहानसे गाव होते. समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करणे हा तेथील लोकांचा मोठा उद्योग होता. मग या गावाचा कायापालट कसा झाला? त्याचे कारण जमिनीच्या पोटात होते. मोजीपासून जवळच चिकुहो नावाचा प्रदेश आहे. तेथे दगडी कोळशाच्या खाणी होत्या. तो वाफेच्या इंजिनांचा काळ होता. जहाजे, आगगाड्या आणि कारखाने कोळशावरच चालत असत. १८८९ साली जपानच्या सरकारने मोजी बंदरातून तांदूळ, गहू, गव्हाचे पीठ, कोळसा आणि गंधक हा माल परदेशी पाठवण्यास परवानगी दिली. मिठागरांच्या जागी धक्के बांधले गेले. जहाजे येऊ लागली. कोळशाच्या पाट्या वाहणाऱ्या मजुरांची, व्यापाऱ्यांची आणि खलाशांची गर्दी होऊ लागली.

बंदर झाले, पण बंदरापर्यंत माल आणणार कसा? त्यासाठी रेल्वे हवी होती. क्युशू बेटावर रेल्वे बांधण्यासाठी १८८८ साली एक खाजगी कंपनी स्थापन झाली होती. हरमान रुमशोटेल या जर्मन अभियंत्याने तिला मार्गदर्शन केले. १ एप्रिल १८९१ रोजी या कंपनीचे रूळ मोजीपर्यंत पोचले आणि तेथे स्थानक सुरू झाले. त्या वेळी त्याचे नाव 'मोजी' असे होते. कंपनीने आपली मुख्य कचेरीही मोजीला आणली. लाल विटांची ती कचेरी अजून उभी आहे. २००३ सालापासून तिच्यात क्युशूच्या रेल्वेचा इतिहास सांगणारे संग्रहालय आहे.

क्युशूच्या रेल्वेचे मोजमाप मोजीपासून सुरू होत असे. 'येथून अंतर शून्य' असे दाखवणाऱ्या खुणेची जागा आजही तेथे जपलेली आहे. विचार करा, शून्य ही किती महत्त्वाची खूण आहे! कोणतेही गाव किती लांब आहे, हे सांगायचे तर आधी कोठून मोजायचे ते ठरवावे लागते. क्युशूच्या लोकांनी ते मोजीपासून मोजले, कारण मोजी हे त्यांच्या बेटाचे दार होते. या गावाचे नाव जपानी लिपीत दोन अक्षरांनी लिहितात. त्यांतील पहिल्या अक्षराचा अर्थच 'दार' असा आहे.

परंतु या दारापुढे पाणी होते. तोक्यो किंवा ओसाकाकडून आलेला प्रवासी शिमोनोसेकीला गाडीतून उतरे. तेथून तो आगबोटीत बसे आणि मोजीला येऊन पुन्हा गाडीत बसे. १९०१ सालापासून रेल्वेचीच आगबोट या दोन काठांमध्ये ये-जा करू लागली. हा प्रवास सुमारे पंधरा मिनिटांचा होता. क्युशूत येणाऱ्या आणि क्युशूतून जाणाऱ्या असंख्य लोकांना ही पंधरा मिनिटे पाण्यावर काढावी लागत. शिकण्यासाठी शहराकडे निघालेली मुले, नोकरीच्या शोधात निघालेले तरुण, माहेरी येणाऱ्या लेकी, सारे याच वाटेने जात-येत. मोजीच्या धक्क्यावर त्यांची वर्दळ असे.

वर्दळ वाढली तसे पहिले स्थानक अपुरे पडू लागले. म्हणून तेथून सुमारे दोनशे मीटर अंतरावर, आगबोटीच्या धक्क्याजवळ, नवे स्थानक बांधण्यात आले. १ फेब्रुवारी १९१४ रोजी ते सुरू झाले. आज आपण ज्याला मोजिको स्थानक म्हणतो, ते हेच.

हे स्थानक दिसते कसे? ही दुमजली इमारत युरोपातील जुन्या भव्य वाड्यांच्या पद्धतीची आहे. मधला भाग उंच आहे आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत. समोरून पाहिले तर ती दगडी वाटते. पण तो डोळ्यांना झालेला भास आहे. ही इमारत लाकडाची आहे! लाकडी सांगाड्यावर गिलावा करून त्याला दगडी बांधकामाचे रूप दिले आहे. समोरून पाहताना अनेकांना तिच्या आकारात जपानी लिपीतील 'दार' हेच अक्षर दिसते. मोजी म्हणजे क्युशूचे दार, आणि मोजीचे स्थानक दाराच्या अक्षरासारखे!

आत वेगवेगळ्या वर्गांच्या प्रवाशांसाठी वेगवेगळी प्रतीक्षालये होती. पहिल्या वर्गाचे तिकीट काढणारा श्रीमंत प्रवासी आणि तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढणारा मजूर एका बाकावर बसत नसत. वरच्या मजल्यावर बड्या पाहुण्यांसाठी खास दालन होते. तेथेच एक उपाहारगृहही होते. जेथे लोक जमतात, तेथे समाज जसा असतो तसाच दिसतो. त्या काळच्या जपानी समाजातील उच्चनीचतेच्या भिंती या स्थानकातही होत्या.

फलाटांची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. बहुतेक स्थानकांत गाडी एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने पुढे जाते. मोजिकोला तसे होत नाही. तेथे रूळ संपतात. गाडी स्थानकाच्या इमारतीकडे तोंड करून थांबते आणि परत जायचे असेल तेव्हा उलट दिशेने निघते. त्यामुळे गाडीतून उतरलेल्या प्रवाशाला जिना किंवा पूल चढावा लागत नाही. तो फलाटावरून सरळ चालत बाहेर पडतो. पूर्वी याच फलाटापासून आगबोटीच्या धक्क्याकडे जाणारी एक वाट होती. गाडी थांबली, की प्रवासी सामान उचलून त्या वाटेने बोटीकडे धाव घेत.

बंदरात नाना देशांची जहाजे येत. त्यांच्याबरोबर नाना वस्तू येत. तैवान बेटावरून केळी येत असत. प्रवासात जास्त पिकलेली केळी लवकर विकणे भाग होते. मग विक्रेते रस्त्यावर टेबल मांडत, काठीने त्यावर ताल धरत आणि गाण्यासारख्या बोलीत भाव खाली खाली आणत केळी विकत. केळी विकण्याची ही पद्धत मोजीत जन्मली असे मानतात आणि तिची आठवण म्हणून स्थानकाजवळ एक स्मारकही आहे. बंदरातून मोठमोठी माणसेही गेली. थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट आइनस्टाइन १९२२ साली जपानला आले होते. परत जाण्यापूर्वी ते पत्नीसह मोजीत राहिले आणि डिसेंबरच्या अखेरीस येथूनच जहाजाने निघाले. ज्या इमारतीत ते राहिले, ती आता स्थानकासमोर हलवून जपलेली आहे.

मित्रांनो, येथपर्यंतची हकीकत भरभराटीची झाली. आता पुढची ऐका.

जपान एकामागून एक युद्धांत उतरला. मोजीच्या धक्क्यावर आता व्यापाऱ्यांऐवजी सैनिक दिसू लागले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून ते गाड्यांनी मोजीला येत आणि येथून जहाजात बसून परदेशच्या रणभूमीकडे जात. सैनिकांबरोबर लष्करासाठी घेतलेले घोडेही जात. जहाजावर चढवण्यापूर्वी त्यांना पाणी पाजण्याची जागा आजही दाखवतात. गेलेल्यांपैकी असंख्य माणसे परत आली नाहीत. ज्या देशांत ते सैन्य गेले, तेथील लोकांनाही फार मोठी दुःखे सोसावी लागली. फलाटावर निरोप घेताना 'पुन्हा भेटू' म्हणणाऱ्या आईला पुढे काय होणार हे माहीत नव्हते.

युद्धाच्या काळातील दोन खुणा स्थानकात आहेत. पहिली खूण आगबोटीकडे जाणाऱ्या जुन्या वाटेत आहे. तेथे भिंतीला एक लहान झरोका आहे. युद्धाच्या शेवटच्या काळात लष्कराच्या आज्ञेवरून तो ठेवण्यात आला. त्याच्या आड बसून पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत. ज्या वाटेने लेकी माहेरी येत, त्याच वाटेवर आता प्रत्येक प्रवाशाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. युद्ध माणसाचा माणसावरचा विश्वास कसा नाहीसा करते, हे त्या लहानशा झरोक्यातून कळते.

दुसरी खूण म्हणजे हात धुण्यासाठी पाणी साठवायचे काशाचे एक मोठे भांडे. स्थानक बांधले तेव्हापासून ते प्रसाधनगृहाजवळ आहे. युद्धात धातूचा तुटवडा पडला तेव्हा तोफा-बंदुकांसाठी देशभरातून धातूच्या वस्तू गोळा करण्यात आल्या. भांडी, घंटा, पुतळे, कशाचीही सुटका झाली नाही. हे भांडे मात्र कसे कोण जाणे, वाचले. म्हणून लोक त्याला 'भाग्यवान भांडे' म्हणतात.

युद्ध चालू असतानाच मोजीचे नशीब पालटणारी आणखी एक घटना घडली. सामुद्रधुनीच्या तळाखालून रेल्वेसाठी बोगदा खणण्याचे काम १९३६ साली सुरू झाले होते. समुद्राखालचा हा जपानमधला पहिलाच रेल्वे बोगदा. त्याची लांबी साडेतीन किलोमीटरहून थोडी अधिक आहे. १९४२ साली त्यातून आधी मालगाड्या आणि नोव्हेंबर महिन्यापासून प्रवासी गाड्या धावू लागल्या. आता होन्शूहून निघालेली गाडी न थांबता क्युशूला येऊ लागली. आगबोटीची गरज उरली नाही.

पण बोगद्याचे तोंड मोजीच्या धक्क्याजवळ उघडत नव्हते. ते तेथून काही किलोमीटर दूर, दाइरी नावाच्या स्थानकापाशी होते. त्यामुळे १ एप्रिल १९४२ रोजी एक बदल करण्यात आला. दाइरी स्थानकाला 'मोजी' हे नाव देण्यात आले आणि जुन्या मोजी स्थानकाचे नाव 'मोजिको' झाले. 'को' म्हणजे बंदर. मोजिको म्हणजे 'मोजी बंदर'. या दोन स्थानकांमध्ये अवघे साडेपाच किलोमीटर अंतर आहे; पण या साडेपाच किलोमीटरांनी सारे काही बदलले. लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या मोजीवरून थेट पुढे जाऊ लागल्या. जे स्थानक साऱ्या बेटाचे दार होते, ते आता रुळांच्या टोकाचे एक साधे स्थानक झाले. गावाचे नावसुद्धा त्याच्याकडून दुसऱ्याने घेतले!

जून १९४५ मध्ये मोजी शहरावर विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले आणि शहराचा मोठा भाग जळाला. स्थानक वाचले. ऑगस्टमध्ये युद्ध संपले. मग परदेशांत अडकलेले जपानी लोक मायदेशी परतू लागले. सैनिक आले. घरदार सोडून आलेल्या बायका आणि मुले आली. जहाजातून उतरून ती स्थानकाकडे येत, कारण घरी जाण्याची गाडी तेथून सुटत असे. स्थानकाजवळ पाण्याचा एक नळ होता. किती तरी दिवसांच्या प्रवासाने थकलेली ती माणसे त्या नळाचे पाणी पीत. आपल्या देशातले पाणी! ते पिऊन ती सुटकेचा निःश्वास टाकत. म्हणून त्या नळाला 'परतीचे पाणी' असे नाव पडले. तो नळ आजही तेथे आहे. त्यावर ना सोने आहे, ना कोरीव काम. तहानलेल्या माणसाची तहान भागवणे, यापेक्षा मोठे काम एखाद्या स्थानकाने दुसरे कोणते करावे?

पुढील वर्षांत मोजिकोचे वैभव ओसरत गेले. १९५८ साली मोटारींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी समुद्राखालून दुसरा बोगदा तयार झाला. १९६३ साली मोजी आणि शेजारची चार शहरे मिळून किताक्युशू हे मोठे शहर झाले. कारखाने आणि गाड्या कोळशाऐवजी तेलावर आणि विजेवर चालू लागल्या. कोळशाच्या खाणी बंद पडत गेल्या. १९६४ साली रेल्वेची आगबोटही बंद झाली. १९७३ साली सामुद्रधुनीवर भव्य पूल उभा राहिला. प्रत्येक नव्या सोयीबरोबर जुन्या स्थानकाकडे येणारी माणसे कमी झाली.

येथे एक गमतीची गोष्ट घडली. भरभराटीच्या शहरांत जुनी स्थानके पाडून त्यांच्या जागी मोठी, सिमेंटची स्थानके बांधली गेली. मोजिकोला गर्दीच राहिली नव्हती. त्यामुळे ते पाडून नवे बांधण्याची निकड कोणाला वाटली नाही. गावाचे दुर्दैव हे इमारतीचे सुदैव ठरले.

पण केवळ सुदैवाने लाकडी इमारत टिकत नाही. पाऊस, खारा वारा आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहीत. इमारत टिकण्यासाठी माणसांनी ठरवावे लागते. १९८८ साली जपानच्या सरकारने मोजिको स्थानकाला देशाची महत्त्वाची सांस्कृतिक ठेव म्हणून घोषित केले. असा मान मिळालेले ते जपानमधील पहिलेच रेल्वे स्थानक. १९९५ साली स्थानकाभोवतीच्या जुन्या इमारती दुरुस्त करून हा भाग पर्यटकांसाठी खुला करण्यात आला. भात, करी आणि वर चीज घालून भट्टीत भाजलेला पदार्थ खाण्यासाठीही लोक आता मोजिकोला येतात. जुन्या मालगाड्यांच्या रुळांवरून २००९ सालापासून पर्यटकांची छोटी गाडी धावू लागली.

मग स्थानकाची पाहणी झाली. आतील लाकडे कुजली होती. काही ठिकाणी वाळवी लागली होती. २०१२ साली दुरुस्ती सुरू झाली. कारागिरांनी इमारतीचा बराचसा भाग सुटा केला, चांगली लाकडे ठेवली, खराब झालेली बदलली आणि भूकंपात इमारत तग धरावी म्हणून तिला बळकटी दिली. समोरच्या बाजूला पुढे कधीतरी जोडलेले छप्पर काढून टाकले आणि स्थानकाला १९१४ सालचे रूप परत दिले. या साऱ्या काळात गाड्या चालूच होत्या. मार्च २०१९ मध्ये स्थानक पुन्हा पूर्णपणे खुले झाले. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे जे प्रतीक्षालय होते, तेथे त्याच वर्षी कॉफीचे दुकान निघाले. एके काळी ज्या खोलीत फक्त गरीब प्रवासी बसत, तेथे आता सर्वजण शेजारी शेजारी बसू लागले.

येथे पाठ संपवला असता तर हकीकत गोड झाली असती. पण ती अपुरी राहिली असती.

१८९१ सालचे पहिले स्थानक तुम्हांला आठवते ना? ते केव्हाच नाहीसे झाले होते. त्याच्या जागेजवळ किताक्युशू शहराने एक मोठी इमारत बांधायचे ठरवले. कचेरी, वाचनालय, सभागृह अशा लोकांच्या उपयोगाच्या सोयी एकाच छताखाली आणायच्या, असा तो बेत होता. २०२३ साली त्यासाठी जमीन खणली असता खाली जुने अवशेष सापडले. इंजिने ठेवण्याच्या शेडचा पाया होता, दगडी भिंत होती. मोजीचे पहिले स्थानक जेथे होते, तेथील खुणाच मातीखालून वर आल्या होत्या.

आता वाद सुरू झाला. इतिहासाचे अभ्यासक म्हणाले, "हे अवशेष जसेच्या तसे राहू द्या. एकदा मोडले, की पुन्हा मिळणार नाहीत." जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या 'इकोमोस' या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही २०२४ साली धोक्याचा इशारा दिला. शहराच्या कारभाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. सध्याच्या सार्वजनिक इमारती जुन्या झाल्या आहेत, लोकांना सुरक्षित इमारत लवकर हवी आहे, काम लांबले तर खर्च वाढेल, असे ते म्हणत. अखेर अवशेषांच्या नोंदी घेऊन २०२४ सालच्या शेवटी बांधकामासाठीचे काम पुढे नेण्यात आले. अवशेष आपल्या जागी जसेच्या तसे राहिले नाहीत.

एकाच गावात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, दोन स्थानके. एकाला जपण्यासाठी सहा-सात वर्षे कारागीर राबले. दुसऱ्याच्या खुणा नव्या इमारतीच्या आड आल्या. एक सुंदर होते, उभे होते, रोज डोळ्यांना दिसत होते. दुसरे मातीखाली होते आणि पायाच्या दगडांपलीकडे त्याचे काही उरले नव्हते. पण महत्त्व केवळ सुंदर वस्तूंनाच असते का? आणि लोकांच्या आजच्या गरजा बाजूला ठेवून जुने सारेच जपता येते का? या प्रश्नांची उत्तरे सोपी नाहीत. मोजिकोच्या लोकांनाही ती सोपी वाटली नाहीत.

एक गोष्ट मात्र या हकीकतीतून नक्की कळते. जुनी वस्तू आपोआप टिकत नाही. कोणीतरी तिची किंमत ओळखावी लागते, वेळेवर बोलावे लागते, आणि नंतर खर्च व कष्ट सोसावे लागतात. मोजिकोचे काशाचे भांडे, झरोका, शून्याची खूण आणि परतीच्या पाण्याचा नळ या वस्तू लहान आहेत. पण त्या जागेवर आहेत, म्हणून बोलतात. निरोप घेऊन गेलेल्यांचे आणि परत आलेल्यांचे बोल त्या आपल्याला ऐकवतात. कधी तुम्ही आपल्या गावच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे असाल, तेव्हा जरा आजूबाजूला पाहा. एखादी जुनी घंटा, एखादा लोखंडी खांब, एखादा पाण्याचा नळ दिसेल. त्याला विचारा, "तू कोणाकोणाला पाहिले आहेस?"

शब्दार्थ

सामुद्रधुनी – दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची अरुंद पट्टी
धक्का – बंदरात जहाज लागण्याची जागा
आगबोट – वाफेवर चालणारे जहाज
वर्दळ – लोकांची ये-जा
प्रतीक्षालय – वाट पाहण्याची खोली, मुसाफिरखाना
गिलावा – भिंतीवरचा लेप, पलस्तर
भास – खोटा देखावा, धोका
झरोका – भिंतीतील लहान खिडकी
तुटवडा – कमतरता, टंचाई
वाळवी – लाकूड खाणारा किडा, दीमक
अवशेष – मागे उरलेल्या खुणा, आसार
ठेव – जपून ठेवलेली मोलाची वस्तू, अमानत

वाक्प्रचार

कायापालट होणे – पूर्ण बदल होणे
डोळ्यांत तेल घालून पाहणे – अतिशय सावधपणे लक्ष ठेवणे
सुटकेचा निःश्वास टाकणे – संकट टळल्यामुळे समाधान वाटणे
तग धरणे – टिकून राहणे
हाकेच्या अंतरावर असणे – अगदी जवळ असणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कानमोनची सामुद्रधुनी कोणत्या दोन बेटांमध्ये आहे?
(आ) मोजीला पहिले स्थानक कोणत्या साली सुरू झाले?
(इ) 'मोजिको' या नावातील 'को' चा अर्थ काय?
(ई) मोजिको स्थानकाला १९८८ साली कोणता मान मिळाला?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोजीचे बंदर का भरभराटीला आले?
(आ) मोजिकोच्या फलाटांची रचना इतर स्थानकांपेक्षा वेगळी कशी आहे?
(इ) काशाच्या भांड्याला 'भाग्यवान' का म्हणतात?
(ई) बोगदा झाल्यावर मोजिकोचे महत्त्व का कमी झाले?

३. कारणे द्या.
(अ) स्थानकाजवळच्या नळाला 'परतीचे पाणी' असे नाव पडले.
(आ) गावाचे दुर्दैव इमारतीचे सुदैव ठरले.

४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
कायापालट होणे, तग धरणे, डोळ्यांत तेल घालून पाहणे.

५. विरुद्धार्थी शब्द पाठातून शोधून लिहा.
रुंद, गरीब, अविश्वास, सुदैव, कडू.

६. विचार करा आणि लिहा.
पहिल्या स्थानकाचे अवशेष सापडल्यावर अभ्यासकांचे आणि शहराच्या कारभाऱ्यांचे म्हणणे काय होते? तुम्हांला कोणाचे म्हणणे पटते? का? आठ ते दहा ओळी लिहा.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा जवळच्या जुन्या रेल्वे स्थानकाची माहिती मिळवा. तेथील एखाद्या जुन्या वस्तूविषयी घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि ती माहिती मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.